माशांच्या टाकीचं विरजण

रेती धुवायची म्हणजे काय, हे ज्याने कधी धुतली नाही त्याला सांगून कळत नाही. घमेल्यात दोन ओंजळी रेती घ्यायची, वरून पाणी सोडायचं, हाताने ढवळायचं आणि गढूळ पाणी ओतून टाकायचं. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं. तांदूळ तीन पाण्यांत होतात, रेतीला वीस लागतात. घमेल्यातलं पाणी तांब्यातल्या पाण्यासारखं दिसायला लागलं की काम झालं. घाटकोपरला अण्णांच्या दुकानात मी हे काम केलं. माझी रेती मिठासारखी निघायची आणि मला तिचा गर्व होता. त्या गर्वाने किती मासे मारले, ते मला उशिरा कळलं.

आमच्या वसाहतीच्या दिवाळी अंकात तुमच्या कामाबद्दल लिहा, असं मला दोनदा सांगून झालं. छापील अंकात आपण काय लिहायचं, म्हणून दोन्ही वेळा मी चहा करायला उठले. पण वही आणलेली आहे, तर स्वतःपुरतं लिहिते.

अण्णा वेंगुर्ल्याकडचे. आधी गिरणीत फिटर होते, माझे यजमान त्यांच्याच खात्यात. गिरणीत हात दुखावला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि एका चाळीच्या तळमजल्यावर माशांच्या टाक्यांचं दुकान काढलं. लोखंडी पट्ट्यांची चौकट जोडायची, तिच्यात काचा बसवायच्या, काचांच्या कडांना लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरायची, हे सगळं ते स्वतः करत. पन्नास सालानंतरचे ते दिवस. उपनगरात बऱ्या घरांमधून टाकी ठेवायची नवीनच हौस आली होती. आधी रेडिओ यायचा, मग टाकी. टाकी गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन मांडायची, महिन्याला जाऊन साफ करायची, हे माझं काम. गिऱ्हाईक दुकानात आलं की मात्र मी पडद्यामागे. कुणी विचारलं तर मानेने हो किंवा नाही. अण्णा म्हणायचे, "ताराबाय, तुझ्यापरास ते मासे जास्त बोलतत गो!"

टाकीत मासा राहतो, खातो आणि तिथेच घाण करतो. त्याला दुसरीकडे जायला जागा नाही. ती घाण पाण्यात साचली की पाणी विषारी होतं, मग ते दिसायला कितीही स्वच्छ असो. म्हणून टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक लहान डबा ठेवायचा. त्यात कापूस आणि कोळसा. विजेच्या पंपाने हवा सोडली की पाणी त्या डब्यातून फिरत राहतं. ह्याला सगळे फिल्टर म्हणत. कापसात कचरा अडकतो हे सगळ्यांना माहीत होतं. बाकीची घाण कुठे जाते हे कुणाला माहीत नव्हतं. अण्णांनाही नाही, मलाही नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. एक बाई टाकी आतून चिंच लावून घासायची, का तर देवाच्या भांड्यांना तीच लावतात. पण माझ्या आवडीचे तात्या. कोर्टातले निवृत्त कारकून, घाटकोपरलाच एका तीन मजली इमारतीत एकटे राहत. कानांनी पार बहिरे, त्यामुळे स्वतः ओरडून बोलायचे. त्यांच्याकडे एकच मोठा लाल गोल्डफिश होता, त्याला ते रावसाहेब म्हणत. एकादशीला रावसाहेबांना साबुदाणा. मी टाकी साफ करायला गेले की ओरडायचे, "ताराबाई, रावसाहेबांनी काल माझ्याकडे पाठ केली! काय चुकलं असेल?" त्यांच्याशी बोलावं लागत नसे, कारण बोलून त्यांना ऐकूच यायचं नाही. म्हणून मला तिथे बरं वाटायचं.

दर दिवाळीनंतर आमच्या दुकानात गर्दी व्हायची. लोक नवे मासे न्यायला यायचे, कारण जुने मेलेले असायचे. अण्णा म्हणत, फटाक्यांच्या धुराने मरतात. मला ते पटायचं, कारण दिवाळीच्या आधी मीच प्रत्येक टाकी रिकामी करून, रेती वीस पाण्यांत धुऊन, कापूस-कोळसा नवा भरून, आरशासारखी लखलखीत करून दिलेली असायची. एवढ्या स्वच्छ टाकीत मासे मरतात म्हणजे धुरानेच.

दुकानामागे मोरीजवळ एक टाकी होती. काचेला तडा गेलेली, विकायच्या लायकीची नाही. आजारी, पंख फाटके, कुणी न नेलेले मासे अण्णा तिच्यात सोडून द्यायचे. तिला पंप नव्हता. तिच्यात कधीतरी छपरावरची फुटकी मंगळुरी कौलं टाकलेली होती, त्यांच्यावर शेवाळं आणि तपकिरी बुळबुळीत थर. मी तिला कधी हात लावला नाही, कारण ती गिऱ्हाइकाची नव्हती. एका दिवाळीनंतर भाऊबीजेला मी पुढच्या टाक्यांतून मेलेले मासे काढत होते आणि सहज मागे पाहिलं. मागच्या टाकीतले सगळे लुळेपांगळे मासे मजेत फिरत होते. फटाके तर मोरीच्या बाजूला जास्त वाजले होते.

मी तिथेच घमेलं उपडं घालून त्याच्यावर बसले. आपण ज्याला काम समजतो तेच चुकीचं असेल, हा विचार बसायला वेळ लागतो.

घरी माझ्याकडे दह्याचं मातीचं गाडगं होतं. ते कितीही धुतलं तरी दुसऱ्या दिवशी त्यात नुसतं कोमट दूध ओतलं तरी आंबटायचं. दही गाडग्याच्या अंगात मुरलेलं असतं. काचेच्या बरणीत असं होत नाही, तिला विरजण लावावंच लागतं. मला वाटलं, त्या कौलांतही असंच काही मुरलेलं असणार, घाण खाणारं. आणि माझ्या रेतीतलं ते मी वीस पाण्यांनी दर दिवाळीला गटारात सोडत होते.

मग मी घरी खिडकीत लोणच्याच्या बरण्या मांडल्या आणि प्रत्येकीत दोन-दोन गप्पी. हा मासा लहान आणि चिवट. मागच्या टाकीत महिनाभर भिजवलेल्या निरनिराळ्या वस्तू एकेका बरणीत घालून बघितल्या. बारीक रेती खाली दबून बसते, आत काळी पडते आणि कुजका वास मारते. संगमरवराची खडी दिसायला सुरेख, पण गुळगुळीत, तिच्या अंगाला काही चिकटतच नाही. विटेचे तुकडे सुरुवातीला छान, मग विरघळून पाणी लाल करतात. रेल्वेच्या इंजिनातला जळका कोळसा छिद्रांनी भरलेला असतो, पण त्याच्या धारेने माशांचे पंख फाटले. शेवटी राहिलं कौल. सुपारीएवढे तुकडे करायचे, कडा पाट्यावर घासून बोथट करायच्या. सुकं कौल पाण्यात टाकलं की ते सूं करून बुडबुडे सोडतं, कारण त्याच्या अंगभर बारीक छिद्रं असतात. जे कौल जास्त वेळ बुडबुडे सोडेल ते चांगलं. जे पटकन गप्प बसेल ते जास्त भाजलेलं, ते टाकून द्यायचं. आता ह्याच कामासाठी दुकानात चिनी मातीच्या पोकळ नळ्या मिळतात. मी त्या पाण्यात टाकून पाहिल्या. बुडबुडे बरे सोडतात, पण माझ्या कौलाइतके नाहीत.

हे सगळं मला कळलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. अण्णांना सांगायचं म्हणजे 'रेती धुऊ नका' असं सांगायचं. रेती धुणारीने ते कसं सांगावं?

त्या सुमारास लिमये डॉक्टरांनी मुलुंडला नवा दवाखाना काढला. कुठल्या परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं की मासे बघून रोग्याचं मन शांत होतं. म्हणून बाकांसमोर मोठी टाकी आणि तिच्यात चार गोल्डफिश. गुढीपाडव्याला आम्ही ती मांडली. सहाव्या दिवशी चारही मासे पालथे. दुसरे दिले, ते आठव्या दिवशी. तिसऱ्या वेळी पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि बाकावरची माणसं बघत असताना एक मासा तडफडून गेला. समोरच एक जुने डॉक्टर वर्षानुवर्षं दवाखाना थाटून बसलेले होते. मुलुंडभर बोललं जाऊ लागलं, "ज्याच्याकडे मासा आठवडा काढत नाही, तिथे माझा दमा काय जाणार?"

आम्हाला बोलावणं आलं. डॉक्टर तरुण, हुशार आणि फार घाबरलेले.

"ही रेती कोण धुतं?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "ही. वीस पाणी घालता."

"पाणी घालून जंतू मरत नसतात, बाई. उकळायला हवी. उद्या माझ्यासमोर उकळायची. आणि अण्णा, ह्या खेपेला मासे मेले तर टाकी उचलून न्या. लोक माझं तोंड बघण्याआधी ते मेलेले मासे बघतात."

माझ्या रेतीला कुणी घाण म्हटलं ते आयुष्यात पहिल्यांदा. परतताना आम्ही स्टेशनपर्यंत चालत आलो. अण्णा एवढंच म्हणाले, "ताराबाय, ती टाकी परत इली, तर मुलुंडातली सगळी गिऱ्हाइकां जातली."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांसमोर रेती उकळली. पातेल्यातून वाफा येत होत्या आणि डॉक्टर घड्याळ लावून उभे होते. पण निघण्यापूर्वी मी मागच्या टाकीतले दोन ओंजळी कौलाचे तुकडे, न धुता, जुन्या मलमलीच्या पदरात बांधून पुरचुंडी केली होती. कळशीत, त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून नेली. डॉक्टर रोगी तपासायला आत गेले तेव्हा मी ती फिल्टरच्या डब्यात तळाशी ठेवली आणि वर कोळसा पसरला.

आठवडा गेला, महिना गेला. मासे जगले, लठ्ठ झाले. दर महिन्याला मी रेती उकळायची आणि पुरचुंडी गुपचूप कळशीत ठेवून परत जागेवर लावायची. डॉक्टर ज्याला-त्याला सांगत, "उकळली म्हणून जगले." मुलं मासे बघायला आयांना ओढून आणू लागली. अण्णांनी तर दुकानावर लाल अक्षरांत बोर्ड लावला : 'डॉक्टरी पद्धतीने उकळलेली रेती मिळेल.' तो बोर्ड वाचून मला हसू यायचं. आमच्या नव्या-जुन्या प्रत्येक टाकीत मी एक पुरचुंडी लपवत होते. सगळ्या उपनगरात माझं विरजण चाललं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा वाटत होती.

ती मजा नवरात्रात संपली. तात्या दुकानात आले, हातात रिकामी बरणी. नेहमीसारखे ओरडले नाहीत.

"बोर्ड वाचला," ते अण्णांना म्हणाले. "म्हटलं रावसाहेबांसाठी आपणही करावं. रेती, तो डबा, सगळं उकळलं. तीन दिवस उकळत होतो." मग बरणी ठेवली. "ही तुमची बरणी. आता नको काही."

मी पडद्यामागे उभी होते. त्यांच्या टाकीत माझ्या हातची पुरचुंडी होती. तीही उकळली गेली होती, कारण ती काय आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. रावसाहेब धुराने मेले नव्हते, घाणीने मेले नव्हते. माझ्या न बोलण्याने मेले होते. मी पडदा बाजूला करायच्या आत तात्या निघून गेले.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी मुलुंडला महिन्याच्या फेरीला गेले. दवाखान्यात दिवाळीची साफसफाई चालली होती. डॉक्टरीणबाईंनी पदर खोचून टाकीचा डबा स्वतःच उपसला होता. स्टोव्हवर पातेलं खदखदत होतं. त्यांच्या हातात सांडशी, आणि सांडशीत माझी पुरचुंडी, पाणी गळणारी, तपकिरी.

"ताराबाई, हे काय आहे हो? दवाखान्याच्या टाकीत असलं फडकं! उंदीरबिंदीर बांधून ठेवलाय की काय?" असं म्हणत त्यांनी ती पातेल्यावर धरली.

"नको!" मी ओरडले.

बाकावरची चार माणसं वळली. डॉक्टर आतून बाहेर आले.

"काय झालं?"

"ते उकळू नका. मासे मरतील."

"सहा महिने उकळतोय आपण. मेले का?"

"ह्याच्यामुळे मेले नाहीत. हे मी ठेवलंय, पहिल्या दिवसापासून. ही कौलं कधीच धुतलेली नाहीत."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "म्हणजे सहा महिने तुम्ही माझ्या डोळ्यांत धूळफेक केलीत? आणि मी सगळ्यांना सांगत सुटलोय!"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही डॉक्टर. मी चौथी शिकलेली. आणि मला बोलता येत नाही."

"आता तर बरं येतंय!" बाकावरची एक म्हातारी म्हणाली.

मी डॉक्टरांकडे न बघता डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. "बाई, तुम्ही विरजणाचं दही उकळून घालता का?"

त्यांनी सांडशी खाली आणली. "उकळलं तर दही लागेल होय?"

"तसंच हे. ह्या कौलात माशांची घाण खाणारं विरजण मुरलंय. उकळलं की ते मेलं. मग घाण खायला कुणी नाही."

"दही वेगळं, हे वेगळं," डॉक्टर म्हणाले.

"वेगळं कसं ते सांगा की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुरचुंडी डब्यात परत ठेवली.

मग मी माझ्या घरची परीक्षा डॉक्टरांना सांगितली. दोन बरण्या, दोन-दोन गप्पी. एकीत उकळलेली रेती, एकीत पुरचुंडीतले चार तुकडे. तोवर मोठ्या टाकीला कुणी हात लावायचा नाही. "माझं खोटं ठरलं तर मी अण्णांचं काम सोडेन," असं मीच म्हणाले. कुठून बोलले कोण जाणे. चौथीच्या पुढे मला शाळा मिळाली नव्हती. हातात आलेलं एवढंच शिक्षण होतं, आणि ते मी त्या टेबलावर मांडलं होतं.

दिवाळीचे ते दिवस मला फराळ गोड लागला नाही. मी रोज मुलुंडला जात होते. बरण्या औषधं देण्याच्या खिडकीत ठेवल्या होत्या आणि रोगी पैजा लावत होते. बहुतेक सगळे डॉक्टरांच्या बरणीवर, कारण ती दिसायला स्वच्छ. पाडव्याला सकाळी त्या बरणीचं पाणी पांढरं झालं आणि दोन्ही गप्पी वर येऊन तोंड उघडून हवा खाऊ लागले. माझ्या बरणीतले तळाशी कौल चाटत होते. मी कुणाला न विचारता ते दोन मासे उचलून माझ्या बरणीत टाकले. मला जिंकायचं होतं, पण मासे मारून नाही. संध्याकाळपर्यंत तेही फिरायला लागले.

डॉक्टरांनी माझ्या बरणीतून एक तुकडा बाहेर काढला. मग त्यांनी कौलावरचा थर सुईने खरवडला, काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. उठले आणि आपली खुर्ची मला दिली. "बघा, ताराबाई."

मी बघितलं. आत इतकी धावपळ होती की बाजार भरलाय असं वाटावं. काही गोल फिरत होते, काही एका जागी उभे राहून तोंडाशी काहीतरी ओढत होते.

"ह्यातले घाण खाणारे कोणते?" मी विचारलं.

"ते ह्याहून बारीक असणार. मला दिसत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "आम्हाला जंतू मारायला शिकवलं. पाळायला नाही शिकवलं. उद्यापासून ह्या टाकीला काय करायचं ते तुम्ही सांगायचं." हे ते बाकावरच्या माणसांसमोर म्हणाले. म्हातारी म्हणाली, "मग दम्याचंही तिलाच विचारू का?" तेव्हा सगळ्यांत मोठ्याने डॉक्टर हसले.

अण्णांना मी स्वतः सांगितलं. ते आधी माझ्याकडे बघत राहिले, मग दुकानावरच्या लाल अक्षरांकडे. "म्हणजे माझ्या बोर्डाची वाट लागली! आता लिहू काय? 'न धुतलेला' म्हणान लिहिलंय तर गिऱ्हाईक येतला काय?" दोन दिवस त्यांनी विचार केला आणि नवा बोर्ड रंगवला : 'टाकी विरजणासकट मिळेल. चौकशी ताराबाईंकडे.' माझं नाव रंगवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून पडद्यामागे जायची सोय उरली नाही.

पण त्याआधी एक काम होतं. कळशीत कौलाचे तुकडे आणि बरणीत एक लहानसा लाल गोल्डफिश घेऊन मी तात्यांच्या इमारतीत गेले. त्यांची टाकी गॅलरीत कोरडी पडली होती. मी न विचारता ती मांडली, पाणी भरलं, कौलं ठेवली. तात्या खुर्चीत बसून बघत होते.

"नको म्हटलं होतं मी," ते म्हणाले. पण उठून बरणीपाशी आले. मासा त्यांच्याकडे तोंड करून थांबला. "हा रावसाहेब नव्हे. ह्याला अजून मिसरूड नाही." मग जरा वेळाने, नेहमीच्या आवाजात, "ताराबाई! ही कौलं किती दिवसांनी धुवायची?"

मी मान हलवली. त्यांना कळलं नाही.

"किती दिवसांनी?"

"धुवायची नाहीत," मी म्हटलं. त्यांनी कानाला हात लावला.

मी श्वास घेतला. "धुवायची नाहीत, तात्या! उकळायची नाहीत! कध्धीच नाहीत!"

तिन्ही मजल्यांवरची माणसं गॅलरीत आली, काय झालं म्हणून. तात्या खूश होऊन म्हणाले, "मग हे आधी सांगायचं की!"